वन्संची भिंत

“भित काळी पडलीया म्हनावं. वन्संबिगर दुसऱ्या कुनाचा हात बसत न्हाय तिच्यावर. दसऱ्याआदी धाडा म्हनावं.”

दाराच्या चौकटीला टेकून आई हे सांगायची. तात्या पुढं, खांद्यावर घोंगडी टाकलेले. त्यांच्या मागं मी, आणि माझ्या मागं आईचा तो आवाज. भवानी पेठेतला आमचा बोळ संपेपर्यंत तो आमच्याबरोबर चालायचा. निरोप मी पाठ म्हणायचा, अशी घरची रीत. तात्यांना काही बोलता येत नव्हतं असं नाही. पण लेकराच्या तोंडचा निरोप कुणी माघारी पाठवत नाही, असं आईचं म्हणणं.

गौरी-गणपती झाले की आम्ही दुधनीच्या गाडीत बसायचो. दुधनीला उतरून तुरीच्या रानातून चालत गेलं की आत्याचं सासर यायचं. गोजराआत्या ही तात्यांची एकुलती बहीण. तिच्या घराच्या कट्ट्यावर तिची सासू निंगव्वा चाती फिरवत लोकर कातत बसलेली असायची. ती वर बघायची नाही. धागा तुटू न देता विचारायची, “काय काढलं?”

तात्या म्हणायचे, “गोजराला न्यायला आलो.”

“कशाला?”

माहेराला न्यायला, हे उत्तर त्या घरात चालत नसे. माहेरी जाऊन बसणं म्हणजे चूल बंद ठेवणं, असा निंगव्वाचा हिशेब. तिथं तात्या गप्प व्हायचे आणि माझी पाळी यायची. मी छाती पुढं काढून म्हणायचो, “भिंत काळी पडली. आत्याबिगर कुणाचा हात बसत न्हाय.”

“का? तुज्या आईला हात न्हाईत?”

“हायत. पन तिला पोतारा जमत न्हाय.”

इथं निंगव्वा हसायची. आपल्या सुनेला जमतं ते सोलापूरच्या बाईला जमत नाही, हे ऐकून तिला बरं वाटायचं. मग चाती खाली ठेवून ती म्हणायची, “केलसा इद्र होगु.” काम असेल तर जा. कामाला ती मान द्यायची. बाकी कशाला देताना मी तिला पाहिलं नाही.

आत्या आतून यायची तेव्हा गाठोडं बांधून तयार असायचं. त्यात दोन लुगडी आणि एका पिशवीत त्यांच्या रानातल्या खाणीची पांढरी माती. गाडीत बसेपर्यंत ती एक शब्द बोलायची नाही. गाडी हलली की खिडकीला डोकं टेकून झोपायची, ती सोलापूर आल्यावर तात्यांनी हलवलं की जागी व्हायची.

आमच्या घरी आल्यावरही ती आधी झोपायची. आई समोरच्या खिडकीवर वाकळ टांगायची आणि बोळातल्या पोरांना सांगायची, “पलीकडं खेळा रं. पावनी हाय.” झोप पुरली की आत्या उठायची, बादलीत माती भिजवायची, जुन्या लुगड्याचा बोळा बुडवायची आणि रस्त्याकडच्या भिंतीवर हात फिरवायला लागायची. खालून वर, अर्धगोल. ओल्या मातीचा वास आमच्या दारात उभा राहायचा. हात चालला की गळाही चालायचा.

पांढऱ्या गं मातीचा, हात लागला भिंतीला
बंधूच्या माझ्या दारी, चांदणं आलं वस्तीला

ओव्या सगळ्या भावाच्या. भावाची पागोटी, भावाची मेंढरं, भावाचा उंबरा. आई आतून भाकऱ्या थापता थापता ओरडायची, “वन्सं, भाऊ काय नुस्ता उंबऱ्यावर बसूनच ऱ्हातुय का? भाकरी कोन घालतंय त्याला? तिची बी एखादी ओवी येऊ द्या की.”

“तुमची ओवी लई अवघड हाय, वैनी,” आत्या म्हणायची. “अजून जुळंना.”

समोरच्या घरातली पार्वतम्मा, साळ्याच्या घरातली, चादरीच्या सुताच्या लडी वाळत घालायची आणि तिथूनच म्हणायची, “बाळाबाई म्हणजे महाराणी. स्वतःच्या भिंतीला नणंद लागते.” आई हसून घ्यायची. आळशी म्हणून बोळात तिचं नाव होतं. पहाटे उठून सगळ्या घराला पुरणारी बाई, पण भिंतीपुरती आळशी. मलाही त्याचं नवल वाटायचं नाही. कुणाला पोहता येत नाही, तसं आईला पोतारता येत नाही, एवढंच.

निंगव्वा गेली. मग आत्याचे यजमान गेले, आमचे तात्या गेले. आता आत्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण बाईमाणूस कामाशिवाय कुणाच्या दारात जात नाही, हे सासूनं घातलेलं वळण तिच्या अंगात राहिलं. रेवणसिद्ध, तिचा लेक, मला फोनवर सांगायचा, “दादा, आईला म्हटलं जा सहज, चार दिवस राहून ये. तर म्हणते, ‘उगंच कशी जाऊ? मी काय भीक मागाया जाऊ?’” मग भाद्रपद यायचा, आई फोन कानाला उलटा-सुलटा लावून तोच निरोप द्यायची, मी दुधनीला जायचो, आणि आत्या माती घेऊन तयार असायची. फोन झाला तरी मुराळी गेलाच पाहिजे, असं आईचं होतं. बोलावणं वेगळं आणि न्यायला जाणं वेगळं.

*

यंदा आषाढात अंकितानं विषय काढला.

अंकिता, माझी बायको, समोरच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवते. तीन मशिनी, दोन मदतीच्या बायका, आणि शिवून झालेले गठ्ठे रिक्षा येईपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर भिंतीला लावून ठेवलेले. यंदा सगळं काम गडद निळ्या पँटांचं होतं. भिंतीचा पोतारा वाऱ्यानं सुटायचा आणि निळ्या कापडावर पिठासारखा बसायचा. कारखानदारानं एक गठ्ठा माघारी पाठवला, वर निरोप, की पँटा शिवल्यात का भाकऱ्या थापल्यात.

“हसू नका,” अंकिता मला म्हणाली. “आणि ते ऊन. दुपारनंतर ती भिंत तव्यासारखी तापते. बायका पदरानं वारा घेत शिवतात. मी गुरुराजला बोलावलंय. एलिव्हेशन करून घेऊ.”

गुरुराज अक्कलकोटकडचा, फॅब्रिकेशनचं काम करणारा. त्यानं मोबाइलवर चित्रं दाखवली. भिंतीवर आधी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट, तिच्यावर सागवानासारखं दिसणारं शीट. मध्ये हवेला जागा, म्हणून ताप आत येत नाही. जुनी लाकडी खिडकी काढून सरकत्या काचांची. मला चांगलं वाटलं. मी टॉवेलच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करणारा माणूस. नीट बसलेला जोड दिसला की मला बरं वाटतं.

आई कट्ट्यावर बसून ऐकत होती. तिनं गुरुराजला हाक मारली.

“बाबा, हे तुजं फळकूट काळं पडतंय का रं?”

“नाही आजी. पंधरा वर्षं बघायचं काम नाही.”

“पावसानं?”

“काही होत नाही.”

“मंग पोपडं?”

“पोपडे कुठले येतात ओ? मातीचं आहे का ते? धूळ बसली तर ओला फडका मारायचा. झालं.”

“फडका कोन मारनार?”

गुरुराज गोंधळला. “कोणीपण मारेल की. वैनी मारतील. शेजारची पोरं मारतील. त्याला काय शिकायला लागतंय?”

आईचा चेहरा पडला. इतकी चांगली बातमी ऐकून माणसाचा चेहरा पडताना गुरुराजनं कधी बघितलं नसावं. तो माझ्याकडं बघायला लागला.

“भित ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली. “बाकी काय बी करा. खिडकी बदला, दार बदला. भित ऱ्हाऊ दे.”

“आई, भिंतीसाठीच तर सगळं चाललंय,” अंकिता म्हणाली.

“मंग ऱ्हाऊ दे सगळंच.”

कारण विचारलं तर सांगेना. अंकितानं समजावून पाहिलं, रुसून पाहिलं, शेवटी एक निळी पँट आणून तिच्या मांडीवर पसरली. आईनं त्यावरचा पांढरा भुगा बोटानं झटकला. पुन्हा झटकला. तो जाईना, तेव्हा पँटची घडी घालून माघारी दिली आणि म्हणाली, “कर बाई. तुज्या हाताचं काम हाय. त्याच्यावर माती कशाला.”

त्यानंतर ती भिंतीकडं पाठ करून बसायला लागली.

*

श्रावणात काम सुरू झालं. चौकट बसवायची तर भिंत सपाट पाहिजे, म्हणून गुरुराजची माणसं पोतारा खरवडायला लागली. एका वर्षाचा थर, त्याखाली दुसऱ्या वर्षाचा. भाकरीचे पापुद्रे सुटावेत तशी भिंत सुटत होती. तळाची जुनी भिंत उघडी पडली तेव्हा गुरुराजनं मला बोलावलं.

“दादा, हे बघा की. इथं कुणीतरी विळा ओढलाय.”

भिंतीवर तिरक्या रेघा होत्या. एक-दोन नाहीत, झुपका. वरून डावीकडून खाली उजवीकडं, बाईमाणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीच्या. खिडकीखाली होत्या, दाराशेजारी तर दाट होत्या. काही खोल, काही वरवरच्या.

“पोरांनी केलं असंल,” आई आतून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

अंकितानं माझ्याकडं बघितलं. दुपारी मदतीच्या बायका जेवायला गेल्यावर तिनं चहा केला, आईच्या पुढं ठेवला आणि शेजारी बसली. मी उंबऱ्यावर होतो.

“आई, पोरांचा हात एवढा वर पोचत नाही.”

आईनं चहा बशीत ओतला. फुंकर मारली. प्यायली नाही.

“निंगव्वा लई सौंशयी बाई,” ती म्हणाली. “पैल्या वरसी आमी निरोप धाडला, भित काळी पडली म्हनून. तर तिनं गावातला एक मानूस सोलापूरला येनार व्हता त्याला सांगितलं, बगून ये खरंच काळी पडलीया का. मला कळलं. आन् भित तर चांगली व्हती की. नवं घर, त्याच वरसी बांदलेलं. मंग मी काय करू? दुपारचं बोळात कोन नसतंय. इळा घेतला, पानी मारलं, आन् वडला.”

“दर वर्षी?”

“दर वरसी लागला न्हाय. पुढं पुढं आपसूक पोपडं पडायचं. पन सुरवातीला वडायची मी. तुज्या सासऱ्यालाबी ठावं न्हाय. त्यास्नी वाटायचं, बायको आळशी हाय.”

अंकिता हसली नाही. “मग आता कशाला घाबरताय? निंगव्वा जाऊन किती वर्षं झाली. आत्याला सांगा, ये म्हणून.”

“तसं येत न्हाईत त्या. तुला ठाव हाय की. कामाबिगर यायाच्या न्हाईत. आन् मी काय सांगू त्यास्नी, की कामच नव्हतं कंदी? ह्या हातानं भित बिगडवली आन् तुमास्नी रंगवाया लावली?” आईनं बशी खाली ठेवली. “त्यास्नी वाटतंय, माज्याबिगर वैनीची भित उबी ऱ्हात न्हाय. त्या जीवावर मान वर करून येत्यात. ती मान मी कशी खाली घालू गं? दया केली असं वाटंल त्यास्नी. मंग दुदनीचं दार लागलं म्हनून समज.”

एवढं मोठं बोलणं आईनं एका दमात केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. बोळातून सायकल गेली. अंकितानं मशिनीकडं बघितलं.

“आई,” ती म्हणाली, “मी लग्न होऊन आले तेव्हा ही उजेडाची खोली तुमची होती. तुम्ही मला म्हणालात, ‘मला ऊन सोसत नाही, तुझी मशीन इथं लाव, मी मागं जाते.’”

“मंग?”

“तुम्हाला ऊन सोसतं. आत्ता भर उन्हात कट्ट्यावर बसलेल्या असता.”

“च्या निवतोय तुजा,” आई म्हणाली.

*

गणपती बसायच्या आधी भिंत पुरी झाली. बोळातली माणसं थांबून बघायला लागली. पार्वतम्मा आता काठी टेकत चालते, तीही पलीकडून म्हणाली, “बाळाबाईचं घर हॉटेलसारखं दिसायला लागलं. चहा कुठं मिळतो?” दुपारी खोलीत गारवा असायचा आणि निळ्या पँटा निळ्याच राहायच्या. मदतीच्या बायकांतली एक तर शीटला हात लावून नमस्कार करून आत यायची. अंकितानं फोटो काढून स्टेटसला ठेवला.

एका ठिकाणी मात्र तिनं गुरुराजला अडवलं होतं. दाराच्या शेजारी हातभर रुंदीची पट्टी, वरपासून कट्ट्यापर्यंत, तिनं झाकू दिली नव्हती.

“फिनिशिंग जाईल, वैनी,” गुरुराज म्हणाला. “लोक म्हणतील गुरुराजचं शीट कमी पडलं.”

“म्हणू दे. ती पट्टी आमच्या आत्याची आहे.”

त्यानं कडेनं अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मारून तिची चौकट केली आणि धूळ नको म्हणून वर प्लास्टिक चिकटवलं. आत्याच्या हाताला जागा राहिली पाहिजे, एवढंच अंकिताच्या मनात होतं. त्या प्लास्टिकखाली काय आहे ते तिच्या ध्यानात राहिलं नाही. माझ्याही नाही.

मग तिनं फोन लावला. आई शेजारी बसलेली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

“आत्या, गणवेशाचं काम लई आलंय,” अंकिता म्हणाली. “बटणं लावायला माणूस नाही. शिवाय दाराजवळची भिंत काळी पडलीय. तुमच्याशिवाय कुणाचा हात बसत नाही. दसऱ्याआधी या.”

मी अंकिताकडं बघतच राहिलो. बटणं सोडली तर निरोप शब्दाला शब्द तोच होता. कुणी शिकवला नव्हता तिला.

पलीकडून आत्याचा आवाज आला, “माज्या डोळ्याला सुई दिसती का गं बये?” मग, “बरं. जोतिरामला धाड.”

मी दुधनीला गेलो. गाठोडं तयार होतं, मातीची पिशवीही. गाडीत आत्या खिडकीशी बसली, पण यंदा झोपली नाही. मी घसा खाकरला.

“आत्या, एक सांगायचंय. भिंतीला आम्ही शीट लावलंय.”

“बगितलंय. रेवण्यानं मोबाइलात दावलं.”

“मग माती कशाला आणली?”

तिनं पिशवी मांडीवर घेतली. “मोकळ्या हातानं कदी आलेय का मी?”

गाडी चालत राहिली, तुरीची रानं मागं जात राहिली आणि मी मनातल्या मनात आईला कसं सांगायचं ते जुळवत बसलो. सगळं बघून, कळून ती येत होती, ते शेवटचं येणं म्हणून तर नव्हे, असं मला वाटत होतं.

*

नुकताच अंकितानं दार-कट्टा धुऊन काढला होता आणि घाईत पट्टीवरचं प्लास्टिकही सोलून टाकलं होतं. आम्ही बोळात शिरलो तेव्हा आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. आत्यावरून तुकडा ओवाळून तिनं लांब टाकला, पायावर पाणी घातलं.

आत्यानं गाठोडं कट्ट्यावर ठेवलं. नव्या भिंतीसमोर उभी राहिली. बोटाच्या पेरानं शीटवर टकटक केलं.

“डब्यावानी वाजतंय,” ती म्हणाली. “पन ग्वाड दिसतंय. खोली गार ऱ्हाती का गं, अंकिता?”

“राहते, आत्या.”

“मंग झालं की. मानसं आत बसत्यात, भाईर न्हाई.”

ती हळूहळू दारापर्यंत आली आणि पट्टीसमोर थांबली. तेव्हा मला दिसलं. पट्टीवर पोताऱ्याचा कणही राहिला नव्हता. उघड्या भिंतीवर विळ्याच्या रेघा होत्या, दाट, तिरक्या, धुऊन ओल्या झाल्यामुळं अजून ठळक. आजूबाजूच्या गुळगुळीत शीटमुळं तर चौकटीत घालून भिंतीवर टांगल्यासारख्या दिसत होत्या.

अंकितानं तोंडावर हात धरला. आई पुढं झाली. “वन्संऽ, आदी च्या घ्या. ऊन झालंय. आत चला.” तिनं आत्याचा दंड धरला. आत्या हलली नाही. तिनं एक बोट उचललं आणि एका रेघेत घातलं. वरून खालपर्यंत ओढलं. मग दुसऱ्या रेघेत.

“वैनी,” ती म्हणाली, “तुमचा इळा बोथट व्हता.”

आईचा हात तिच्या दंडावर होता तिथंच राहिला.

“पैल्याच वरसी कळलं मला. बोळा फिरवाया गेले तर बोट आत जायाचं. पावसाचं ओघळ सरळ खाली येत्यात. ह्या तिरक्या. आन् त्याच दिशी मागच्या न्हानीत इळा बगितला, त्याच्या दातऱ्याला चुना व्हता. मी बसले तितंच. लई रडले. तुमाला वाटलं, धूर झाला.”

“मंग बोलला का न्हाई, वन्सं?”

“कशी बोलू? बोलले असते तर तुमी लाजून सोडलं असतं. आन् सोडलं असतं तर मला आनाया कोन आलं असतं?” आत्या कट्ट्यावर बसली. मातीची पिशवी तिनं मांडीवर ओढली, सोडली, एक ढेकूळ काढून हातात फोडलं. “आमच्या गावात बाया पोताऱ्यात डिंक घालत्यात. नायतर जोंधळ्याची खळ. मंग माती चार वरसं हलत न्हाई. मी तुमच्या भितीला डिंक घातला न्हाई कदी. म्हटलं, पडू दे पोपडं. वैनीला इळा वडायाची पाळी नगं याया. वरसाच्या वरसाला भितीनं सोताहून निरोप धाडावा.”

अंकिता तोंडावरचा हात काढून म्हणाली, “आत्या, म्हणजे तो माझ्या पँटांवरचा भुगा…”

“माजाच गं बाई तो. माफ कर.”

अंकिता हसायला लागली, आणि हसता हसता कट्ट्यावर आत्याच्या पायाशी बसली. पलीकडून पार्वतम्मानं काठी आपटून विचारलं, काय झालं म्हणून. कुणी सांगितलं नाही. आई अजून उभीच होती. काहीतरी फार जड ओझं उतरवून ठेवल्यावर माणूस उगाच हात हलवत उभं राहतं, तशी उभी होती.

“बटनं लावायची हायत,” शेवटी ती म्हणाली. “ते खरं हाय. त्यात कायबी लबाडी न्हाई.”

“सुई ववून दिली तर लावीन की. पन आदी ही पट्टी,” आत्या म्हणाली. “जोतिराम, बादली आन. आन् अंकिता, गोंद असंल घरात तर दे. यंदा घालते. आता भित ऱ्हाऊ दे चार वरसं. मी भितीबिगर यीन.”

मी बादली आणली. माती भिजली. आईनं कपाटातून आपलं एक मऊ जुनं लुगडं काढून फाडलं आणि बोळा करून दिला. आत्यानं तो बुडवला, पिळला, आणि दाराशेजारच्या त्या हातभर पट्टीवर खालून वर हात फिरवायला लागली. रेघा एकेक करून भरत गेल्या. ओल्या मातीचा वास जुन्यासारखाच दारात येऊन उभा राहिला, नव्या शीटच्या शेजारी.

हात चालू झाला तसं आईनं सवयीनं म्हटलं, “भावाची म्हना वन्सं. ऐकू द्या त्यास्नीबी, कुटं असतील तितं.”

आत्याचा हात थांबला.

“आज भावाची न्हाई,” ती म्हणाली. “तुमची जुळली व्हती, वैनी. पैल्याच वरसी जुळली व्हती. म्हनाया येत नव्हती.” आणि भिंतीकडं तोंड करून, बोळा छातीशी धरून, तिनं ती म्हटली:

भावजय माझी बाई, भिंतीत विळ्यानं काढी वाट
वर्सा गं वर्साला, मला माहेराची गाठ